भुसावळच्या आप्पांना, स्कॅनरवाल्या भावाचा रामराम

आप्पा, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, जेवला का" करून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात मी यावलहून तो हातातला स्कॅनर (चॅनलमागून चॅनल चाळत बोलणं शोधणारा रेडिओ) पिशवीत घालून तुमच्याकडे आलो तेव्हा खरं तर तो बिघडलाय असंच धरून चाललो होतो, कारण चालू केला की दोन सेकंदात एका जागी अडकून बसायचा आणि नुसतं घुंss. तुम्ही आधी विचारलं काय तर "हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन काढलं ना भो?" हो म्हटल्यावरच हात लावला. (रिस्ट्रिक्टेड ग्रेड, मोर्सची परीक्षा नाही त्याला, तरी अभ्यास करताना घाम निघाला.)

मग तुम्ही सरळ अँटेनाच काढून ठेवला. स्कॅनर तरी त्याच चॅनलवर थांबला! "बघ, बाहेरून काहीच येत नाहीये, हा याच्या पोटातलाच आवाज. बर्डी म्हणता याला. लॉकआऊट कर, म्हणजे हे चॅनल वगळ, न् पुढे चाल." दुसरी एक खरखर मात्र अँटेना काढल्यावर गेली, ती ओट्यावरच्या एलईडी बल्बची निघाली. घरी आधी सहा महिने मी असल्याच आवाजांना सिग्नल समजून बसलो होतो, कोणाला सांगू नका.

आणि माझ्या स्कॅनरची मेमरी! कुठून कुठून उतरवलेल्या दोनशे फ्रिक्वेन्सी भरलेल्या, निम्म्या तर आपल्याकडे वापरातच नाहीत. तुम्ही एकही न विचारता पुसल्या, जीव तुटला राव तेव्हा. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅमवाल्यांचा पट्टा, सर्चला लावून दिला, स्क्वेल्च (रिकामी खरखर दाबायचं बटण) खरखर जेमतेम बंद होईल तिथवरच फिरवायचा, जास्त नाही, आणि जे खरंच बोलताना सापडेल तेवढंच सेव्ह करायचं. आठवडाभरात अकरा झाल्या, आजही अकराच आहेत. डिले दोन सेकंद ठेवायला लावला तेही बरं केलं, नाहीतर एकाचं बोलणं संपलं की समोरच्याचं उत्तर यायच्या आत हा पठ्ठ्या पुढे पळायचा.

पण खरे आभार त्या तीन चॅनलचे. स्पेस स्टेशन १४५.८०० वर ऐकू येतं एवढं मलाही माहीत होतं, पण ते जवळ येताना फ्रिक्वेन्सी साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकते आणि लांब जाताना तेवढीच खाली, हे तुम्ही वहीवर रेघ मारून दाखवलं. म्हणून १४५.८०५, १४५.८०० आणि १४५.७९५ ओळीने सेव्ह केले. परवा रात्री गच्चीवर उभा होतो, अंगातून वाफा निघत होत्या, बाजूला केळीची पानं सळसळतायत, आणि पहिल्या चॅनलवर ते स्पेस स्टेशनवरून आवाजाच्या रूपात चित्र पाठवायचं किणकिण-कुईं सुरू झालं. आवाजाचं चित्र करणारं अ‍ॅप लावून फोन स्कॅनरच्या स्पीकरला चिकटवून धरला, हात हलू नये म्हणून श्वास रोखलेला, मधेच अंगठ्याने दुसऱ्या चॅनलवर गेलो. दोन मिनिटांत फोनवर एकेक रेघ करत चित्र उतरलं. वरचा तिसरा हिस्सा नुसत्या मुंग्या, पण खालचं स्वच्छ! आई म्हणे, "एवढ्यासाठी जागा होता?"

चित्र पाठवलंय तुम्हाला, बघितलं का ते सांगा. आणि त्या दिवशी माझे सेल उतरले म्हणून तुम्ही टीव्हीच्या रिमोटमधले दोन पेन्सिल सेल काढून दिलेले, ते अजून माझ्याकडेच आहेत. काकू रागावल्या असतील तर येताना भरताची वांगी आणतो.