प्रिंट काळी का येते हे दाखवून देणाऱ्या लॅबवाल्या दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

अल्बमच्या शीट काळपट आल्या की पहिला राग लॅबवर निघतो. 'मशीनची डेन्सिटी वाढलीय', 'केमिकल जुनं झालंय' असं आम्ही शीट डिझाइन करणारे किती सहज बोलून जातो, ते तुम्ही रोज ऐकता. तुम्ही वाद न घालता काहीच करेक्शन न देता एक ६×८ काढून दिलीत आणि म्हणालात, "स्क्रीनशेजारी धरून बघा." वीस हजारांच्या आत फोटोसाठी मॉनिटर कसा घ्यायचा, हे सगळं त्या एका प्रिंटपासून उलगडत गेलं. त्याबद्दल हे आभार. दुसऱ्या कुणा डिझायनरच्याही कामी यावं म्हणून तपशिलासकट लिहितो आहोत.

तुमचं सगळ्यात मोलाचं सांगणं पॅनलबद्दल, म्हणजे पडद्याच्या जातीबद्दल, नव्हतंच, ते ब्राइटनेसबद्दल होतं. नवा मॉनिटर साधारण २५० ते ३०० निटचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) असतो आणि पेटीतून निघतो तोच बराच वर चढवलेला. एवढ्या उजेडात चेहरा पांढरा पडलेला वाटतो, मग आपण एक्सपोजर खाली ओढतो. म्हणजे फाइलच काळी होते आणि लॅब बिचारी तीच इमानदारीने छापते. प्रिंटशी जुळवायला १०० ते १२० निट पुरतात.

आणि ते मोजायला यंत्र लागत नाही, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा आम्ही तोंडात बोट घातलं. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं. कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ १००, अॅपर्चर एफ ४, शटर १/६०. लेन्स आउट ऑफ फोकस करून फ्रेमभर फक्त पांढरं घ्यायचं आणि मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करत जायचं. शून्य म्हणजे साधारण १२० निट. काटा एक स्टॉप वर असेल तर २४०, म्हणजे दुप्पट. लेन्समध्ये थोडा उजेड खाल्ला जातो, त्यामुळे आकडा थोडाफार इकडेतिकडे होतो, पण दुप्पटीची चूक तर टळते. अनेक मॉनिटरवर ब्राइटनेस २५ ते ४० च्या दरम्यान येऊन थांबतो. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटते, मग डोळे सरावतात.

आता पॅनल. व्हीए, आयपीएस आणि टीएन या त्याच्या नेहमीच्या तीन जाती. लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, मांडलेला प्रत्येक मॉनिटर 'व्हिविड' मोडवर झगमगत असतो, आणि त्यात व्हीए पॅनल सगळ्यात भाव खाऊन जातं. त्याचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, आयपीएसचा १०००:१. पण व्हीएसमोर मान जरा हलवली की गडद भाग बदलतात. नवरदेवाच्या काळ्या शेरवानीच्या घड्या समोरून बुजलेल्या दिसतात, बाजूने उघडतात. मग शॅडो किती उचलायची ते ठरवणार कशावर? टीएनमध्ये तर खालून-वरून बघितलं तरी रंग पालटतो. म्हणून आयपीएस. बाकी वक्र स्क्रीन, १४४ हर्ट्झ, एचडीआर ४०० चा स्टिकर, यांवर फोटोवाल्याने रुपया जास्त घालू नये. नवरी काही स्क्रीनवर पळत नाही.

पेटीवर वाचायचा आकडा म्हणजे एसआरजीबी (फोटो आणि स्क्रीनसाठी ठरलेला रंगांचा पल्ला) किती टक्के. तो ९५ च्या वर हवा. जिथे '४५ टक्के एनटीएससी' (रंगांचा पल्ला मोजायचं जुनं टीव्हीचं माप) लिहिलंय तिथून परत फिरायचं. स्वस्त लॅपटॉपना हाच पडदा असतो आणि तो एसआरजीबीच्या जेमतेम ६०-६५ टक्के भरतो. त्यावर शालूचा लाल विटकरी दिसतो, आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि प्रिंटमध्ये कुंकू आणि शालू एकच लाल डाग होऊन येतात. '७२ टक्के एनटीएससी' मात्र चालेल, ते क्षेत्रफळाने जवळजवळ पूर्ण एसआरजीबीएवढं असतं.

उलट टोकाला जाऊन अॅडोबी आरजीबीचा, म्हणजे एसआरजीबीपेक्षा मोठ्या पल्ल्याचा, महाग मॉनिटर घ्यायच्या हट्टातूनही तुम्हीच सोडवलंत. तुमचं मशीन एसआरजीबीच मागतं. अशा वाइड गॅमट मॉनिटरवर कलर मॅनेजमेंट (फाइलचे रंग मॉनिटरप्रमाणे जुळवून दाखवणं) नसलेला प्रत्येक प्रोग्राम रंग भडक दाखवतो, आणि त्यावर उपाय म्हणून एसआरजीबी मोड लावला तर काही मॉनिटर ब्राइटनेसला हातच लावू देत नाहीत.

आकाराचं गणित सोपं: २४ इंच फुल एचडी म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल, २७ इंच फुल एचडी म्हणजे ८२. दुसऱ्यात कडा खरखरीत दिसतात आणि शार्पनिंग किती दिलं याचा अंदाज चुकतो. २७ हवाच असेल तर २५६०×१४४०, तिथे १०९ पडतात. कमी पैशात आम्हाला सगळ्यात पटला तो १९२०×१२०० चा २४ इंची. खालच्या १२० ओळी जास्तीच्या मिळतात, तिथे सॉफ्टवेअरची पॅनल आणि टाइमलाइन बसतात आणि १२×३६ ची शीट वर मोकळी राहते. आसूस प्रोआर्टचा पीए२४८क्यूव्ही याच जातीचा: आयपीएस, १०० टक्के एसआरजीबी, फॅक्टरीत कॅलिब्रेट केलेला, डेल्टा ई (रंगातली चूक) २ च्या आत.

पेटी उघडताना व्हिडिओ काढायचा. मग पूर्ण लाल, हिरवी, निळी, पांढरी आणि काळी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल शोधायचे. काळ्या स्क्रीनवर खोलीतले दिवे घालवून कोपरे बघायचे. मान हलवल्यावर चमक सरकली तर ती आयपीएसची नेहमीची चमक, जागची हलली नाही तर बॅकलाइट गळतोय, परत करा. आणखी एक, काळ्या पार्श्वभूमीवर ५, १०, १५ आरजीबीचे तीन चौकोन काढायचे. १० आणि १५ दिसायलाच हवेत, ५ जेमतेम दिसला तर उत्तम.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर मॉनिटरला दोष देण्याआधी एचडीएमआय केबलकडे बघायचं. ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढंच पाठवतं. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल' केली की झालं, किंवा सरळ डिस्प्लेपोर्टची केबल लावायची. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आय केअर, विंडोजचा नाइट लाइट, सगळं बंद.

कॅलिब्रेशनचं यंत्र एकट्याला परवडत नाही, तर तिघाचौघांनी मिळून एक घ्यायचं, ही सूचनाही तुमचीच. अर्धा तास मॉनिटर तापू द्यायचा, मग ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजेड), १२० निट. डिस्प्लेकॅल हा प्रोग्राम फुकट आहे. महिन्यातून एकदा पुरे. आणि खोलीची भिंत पिस्ता रंगाची असेल तर निदान प्रिंट बघायची जागा तरी तिच्यापासून लांब हवी. पिवळ्या बल्बखाली प्रिंट धरून 'त्वचा पिवळी आली' म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. आता टेबलावर ५००० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० च्या वरचा एलईडी आहे.

एक विनंती मात्र आहे. आमच्या ऑर्डरवर 'नो करेक्शन' लिहिलेलं असेल तर रात्रपाळीच्या पोरांनाही सांगून ठेवा. परवा एका शीटला कुणीतरी प्रेमाने दोन पॉइंट यलो दिला, आणि स्क्रीनशी जुळवताना आमचा अख्खा दिवस गेला.

ती ६×८ ची प्रिंट परत मागू नका. मॉनिटरच्या उजव्या अंगाला चिकटवून ठेवली आहे.

आपले,
अल्बम शीटवाले