‘प्रतीक्षा’ बदलली त्याबद्दल

प्रिय बाई,

आपला सिनेमा परवा एकदाचा जोडून झाला. नऊ मिनिटांचा आहे, आणि त्यातलं दीड मिनिट नुसतीच कृष्णामाई दिसते, कारण तेवढा आवाज वाऱ्यानं खाल्ला. पण तुम्ही मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना दिसलात आणि आम्ही पाचही जण गप्प झालो.

तुमच्याआधी एका नाटकवाल्या गृहस्थांकडे गेलो होतो. नाव लिहीत नाही. ‘बॅनर कुठला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, ‘मानधन?’ हा दुसरा. गोष्ट काय आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. तुम्ही मात्र फोनवर गोष्ट ऐकलीत. वसईच्या मोहिमेनंतर इथे आलेली ती पोर्तुगीज घंटा रात्री कोण वाजवतं, एवढीच ती. म्हणालात, ‘भुताचं काम ना? करते. जेवण देणार का?’ आणि वर स्वतःच लाडवांचा डबा घेऊन आलात.

जेवताना तुम्ही १९१४ सालची गंमत सांगितलीत. ‘पीटर पॅन’ लिहिणाऱ्या जे. एम. बॅरीनं शॉ, चेस्टरटन अशा दिग्गज इंग्रजी लेखकांना काऊबॉयचे कपडे चढवून हौसेचा सिनेमा काढला. रानटी तट्टं पकडायला त्यांना शेतात सोडलं, तर तट्टं इतकी माणसाळलेली की उलट तीच यांच्या मागे लागली. आमचं दडपण तिथेच उतरलं.

पण पत्र लिहितोय ते एका वाक्यासाठी. मी लिहिलं होतं, ‘मी कधीची तुझी प्रतीक्षा करत होते.’ कॅमेरा लावलेला, ऊन कलतंय, आणि तुम्ही उठून माझ्याजवळ आलात. इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालात, ‘प्रतीक्षा माझ्या तोंडात बसत नाही रे. वाट बघत होते, म्हटलं तर चालेल का तुला?’ आणि थांबलात. मी ‘हो’ म्हणेपर्यंत खरंच थांबलात.

न विचारता बदललं असतंत तरी मी काय बोलणार होतो? दिवसभर नोटा मोजणारा कॅशियर मी, आणि तुमच्या कादंबऱ्या वाचत आमची आई म्हातारी झाली. शाल-नारळ घेणारी मोठी माणसं वाईत वर्षभर येतात, बाई. परवानगी मागणारं मी पहिल्यांदाच पाहिलं.

घंटेचा आवाज पातेल्यावर उलथनं आपटून केलाय, हसू नका. आणि तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आईनं अडवलाय. दिवाळीत घेऊन येतो.

तुमचा,
‘प्रतीक्षा’वाला