घड्याळाची तिसरी वायर

हानोव्हर, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

सा. न.

बाबा, फोनवर सांगायला गेले तर तुम्ही तीनदा "काय?" म्हणालात आणि चौथ्या वेळी फोन आईकडे दिलात. आई तुम्हाला ओरडून म्हणाली, "कसलंसं घड्याळ बसवलंय गाडीत!" माझ्या तीन रविवारांची तिने एका वाक्यात वाट लावली. म्हणून लिहायला बसलेय. आई, तू वाचून दाखवू नकोस. वायरिंगचं आहे म्हटल्यावर ते चष्मा शोधून स्वतः वाचतील.

गाडी तुम्हाला फोटोत दाखवली होती, फोक्सवॅगनची १९७४ची व्हॅन. इथल्याच कारखान्यातली, १९५६पासून या व्हॅन हानोव्हरला बनायच्या. तीस वर्षांच्या वरच्या जुन्या गाडीला इथे नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं, तेही मिळालंय. इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटरच नाही. आपल्या मॅटाडोर गाडीत मी तुमच्या आणि आईच्या मधे इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसायचे, मंचर येईपर्यंत खालून शेकून निघायचे. इथे उलटं. इंजिन पार मागे, आणि पुढे बसणाऱ्याचे पाय गारठतात.

मॅटाडोरवरून आठवलं. आपल्याकडे कुठल्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतात ना, तो शब्द मूळचा हॅम्बुर्गचा. इथून रेल्वेने दीडेक तासावर. तिथल्या 'विडाल आणि मुलगा' या कंपनीच्या गाड्यांचं नाव टेम्पो होतं. १९४९ साली त्यांनी मॅटाडोर काढली तेव्हा तिला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं, बीटल मोटारीचं. पुढे फोक्सवॅगनने इंजिनं देणं बंद केलं आणि त्यांनी दुसरी बसवली. तुमची मॅटाडोर आकुर्डीत बनलेली, डिझेलवर चालणारी. पण घराणं तेच. दादाला सांगा, तो म्हणाला होता की परदेशात जाऊन हिने भंगार विकत घेतलं.

आता घड्याळ. या व्हॅनच्या डॅशबोर्डवर तीन गोल असतात. एकात स्पीडोमीटर, एकात पेट्रोलचा काटा आणि इशाऱ्याचे दिवे, आणि तिसऱ्यात, ज्याने जादा पैसे मोजले असतील त्याला घड्याळ. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाने मोजले नव्हते. तिसऱ्या गोलावर नुसतं काळं झाकण. जुन्या बाजारात मला एक घड्याळ मिळालं, बंद पडलेलं. विकणारा म्हणाला, शोभेला ठेवा.

उघडलं तर आत चावीचं घड्याळ! म्हणजे बॅलन्स चाक, स्प्रिंग, सगळं आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळासारखं. फक्त चावी माणूस देत नाही, करंट देतो. स्प्रिंग सैल झाली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइल झटका मारून स्प्रिंग परत ताणते, पॉइंट सुटतात. मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा 'टक्'. बाकी वेळ करंट जवळजवळ शून्य.

खोड कुठे आहे बघा. बॅटरी उतरलेली असली तर कॉइल ओढते, पण झटका मारण्याइतका जोर तिच्यात नसतो. पॉइंट टेकलेलेच राहतात, करंट वाहत राहतो, कॉइल तापते. म्हणून आत एक डागाचा सांधा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. कॉइल जळायच्या आधी तो वितळून सुटतो आणि घड्याळ बंद पडतं. माझ्या घड्याळाचं नेमकं हेच झालं होतं. लोक तिथे साधं शिसं लावून मोकळे होतात. मग पुढच्या वेळी सांधा सुटत नाही आणि कॉइल जाते. मी कमी तापमानाला वितळणारं शिसं शोधून आणलं. पॉइंट काळे पडले होते, ते अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसले. तुम्ही मॅटाडोरच्या रिलेचे पुसायचात तसेच, दाब न देता.

हे मला कोणी शिकवलं, असं इथल्या शेजाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. खरं म्हणजे नाही. तुम्ही दादाला गाडीखाली घेतलंत आणि मला पाने आणायला लावलंत. "दहा-अकरा आण. नाही, बारा-तेरा." आईचं वेगळंच, मुलीच्या जातीला काळे हात कशाला. याचा मला अजून थोडा राग आहे, लपवत नाही. पण पाना देऊन झाला की मी तिथेच उकिडवी बसून राहायचे, आणि हाकलायचं तुमच्या लक्षात यायचं नाही. दादा गाडीखाली झोप काढायचा, हे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही.

तर वायरिंग. जर्मन गाड्यांत जोडणीला नाव नसतं, नंबर असतो, आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, ३१ म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जाणारी मायनसची जोडणी. रंगांची मात्र मजा आहे. तुमच्याकडे काळी वायर म्हणजे अर्थ, डोळे मिटून. इथे अर्थ तपकिरी असते आणि काळी असते किल्लीच्या करंटची! हात सवयीने काळीकडे गेला होता. पण तुमच्यासारखा होल्डरचा बल्ब आणि दोन वायरी घेऊन बसले होते, आधी लावून बघितलं. किल्ली फिरवली आणि काळ्या वायरीवर बल्ब पेटला की. तशीच जोडली असती तर फ्यूज उडाला असता आणि वर तुमचं बोलणं ऐकावं लागलं असतं, म्हणजे मनातल्या मनात.

घड्याळाला किल्लीचा करंट द्यावा असं इथले काही जण सांगतात, बॅटरी वाचते म्हणून. मला नाही पटलं. गाडी उभी राहिली की घड्याळ उभं राहणार, मग ते कशाला हवं? मी आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून ३० नंबर घेतला, मधे बारीक क्षमतेचा वेगळा फ्यूज टाकला. आणि हिवाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहते तेव्हा तुम्ही पावसाळ्यात करायचात तेच करणार, आधी मायनसचं टर्मिनल काढून ठेवणार. घड्याळ थांबेल, पण जळणार नाही.

तिसरी वायर ५८ नंबरची, करडी. घड्याळाच्या आतला बारका बल्ब तिच्यावर लागतो. पार्किंग लाइट लावली की पेटतो. हे जोडताना मला एकदम तुमचा गणपती आठवला. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढचा लाल बल्ब तुम्ही पार्किंगच्या वायरीवरून घेतला होतात. वेगळं बटण नाही. पहाटे तीनला नारायणगावहून टोमॅटो भरून निघताना लाइट लावली की आधी गणपती उजळायचा. मला वाटायचं तो आपोआप उठतो.

काल संध्याकाळी डॅशबोर्ड परत बसवला, स्पीडोमीटरची केबल मागून आवळताना मनगट सोलून घेतलं आणि पार्किंग लाइट लावली. पेटला. काटा चालतोय, टक् होतंय. दिवसाला पाचेक मिनिटं पुढे जातंय, मागे त्याची बारीक दांडी असते ती जराशी फिरवायची आहे. आई, तू म्हणशील राहू दे पुढे, तुझं स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतंच. घड्याळावर वेळ कुठली लावू असंही एकाने विचारलं, भारताची का? लंडनच्या लोकांचं बरं असतं, हिवाळ्यात घड्याळ उलटं धरलं की साधारण भारताची वेळ दिसते. आमच्या साडेचार तासांना तसा काही जुगाड नाही. आणि गेल्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे केली, आता साडेतीनच तासांचा फरक. रात्री साडेनऊला फोन केलास तर मी सहा वाजता घरी असेन.

बाबा, एक विचारायचं राहिलं. ३१ नंबर मी डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्याला घेतलाय. पत्रा खरवडून चकचकीत केला, पण बाजूने गंज आहे. रात्री हेडलाइट लावली की घड्याळाचा बल्ब किंचित मंदावतो. अर्थ कच्चा असेल का? की वेगळी वायर थेट फ्यूजबॉक्सजवळच्या अर्थपर्यंत ओढू? तुम्ही आडत्याच्या हिशेबाच्या पट्टीच्या मागे पेन्सिलने आकृती काढायचात तशी काढून ठेवा, दादा फोटो पाठवेल. दादाला काढायला सांगू नका. रेघ हलली तरी मला कळते.

आणि कानातल्या यंत्राचे सेल मी मागवलेत, गुरुवारपर्यंत येतील. खणात ठेवायला नाहीत.

तुमची,
धाकटी