मामाकडं कुणाला असं होतं का?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. मुलगा रांगायला लागला तेव्हा गुडघ्यांवर, बरगड्यांवर काळेनिळे डाग उठायचे. सासूबाईंनी दृष्ट काढली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट भरपूर, सगळं नॉर्मल. मग तापात मांडीला इंजेक्शन दिलं आणि मांडी तट्ट फुगली. चौथ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "मामाकडं कुणाला असं होतं का?"

माझा भाऊ दाढ काढल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला. त्याचं रक्तच पातळ, असं सगळे म्हणायचे.

पातळ नव्हतं. हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त नीट गोठतच नाही असा आजार. रक्त गोठवणारं फॅक्टर आठ नावाचं प्रथिन माझ्या मुलात १ टक्क्याहूनही कमी निघालं. आईकडून मुलाला येणारा आजार. पण साधारण एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच नसतो, म्हणून नुसतं विचारूनही भागत नाही. रक्तपेशींच्या साध्या तपासणीत तो दिसतच नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघणाऱ्या दोन तपासण्या असतात, पीटी आणि एपीटीटी. पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेली आली की संशय घ्यायचा, मग फॅक्टर मोजायचा.

मोजायचा कुठं? आमचा पहिला नमुना बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं गेला, आणि लॅबनं तो घेतला नाही. नंतर कळलं, न फिरवलेलं रक्त बर्फात ठेवलं तर चांगल्या माणसाचाही फॅक्टर आठ कमी येऊ शकतो. निळ्या टोपणाची नळी रेघेपर्यंत भरायची, चार तासांत मशीनवर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, वेगळा करायचा, लांब पाठवायचा तर गोठवून. एवढंच! जिल्हा रुग्णालयात एपीटीटी रोज व्हावी आणि प्लाझ्मा गोठवून पाठवायची सोय असावी, ही माझी मागणी.

आणखी एक. व्हॉन विलेब्रांड नावाचा असाच आजार बायकांनाही होतो, अंगावरून फार जातं. २०१९ साली आमच्याकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला. त्यातल्या किती जणींची आधी या आजारासाठी तपासणी झाली होती, कुणी विचारलं का?

२०१६ च्या कायद्यानं हिमोफिलिया दिव्यांगत्वात धरलाय. पण प्रमाणपत्राला निदान लागतं, आणि तिथंच आम्ही अडतो.

माझ्या धाकट्या मुलीत हा दोष असण्याची, आणि तो पुढं तिच्या मुलाला जाण्याची भीती आहे; तिच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. तिचा फॅक्टर नॉर्मल आला तरी खात्री नाही, जनुक तपासावं लागतं. ती आता चौथीत आहे आणि आमच्याकडं पोरींची लग्नं लवकर उरकतात. तेवढीच वर्षं तुमच्या हातात आहेत.

आपली,
एक आई