ताई, जिंकलेला डाव चुकला होता हे सांगितल्याबद्दल

प्रिय ताई,

छोट्या स्टेकचं (कमी पैशांच्या बाजीचं) ऑनलाइन पोकर शिकताना तुम्ही मला जो वेळ दिलात, त्याचे आभार मला सगळ्यांसमोर मानायचे आहेत. हा खेळ नव्याने शिकणाऱ्या कुणाला तुमची पद्धत उपयोगी पडली तर आनंदच आहे.

मी तुम्हाला पाठवलेला पहिला डाव जिंकलेला होता. शाबासकी मिळेल म्हणूनच पाठवला होता. माझ्या हातात एक्का-राजा. फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) राजा, अठ्ठी, तिर्री, टर्नला (चौथा पत्ता) गुलाम, रिव्हरला (पाचवा पत्ता) दुर्री. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) कुणाचाच होत नव्हता. समोरचा खेळाडू फ्लॉप आणि टर्नला दोन्ही वेळा नुसता कॉल करत (मी लावले तेवढेच भरत) आला. रिव्हरला पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ३५ बिग ब्लाइंड होते (बिग ब्लाइंड म्हणजे डावाआधी सक्तीने भरायची मोठी रक्कम, तीच मोजायचं एकक). मी २० लावले आणि त्याने रेझ करून (रक्कम वाढवून) उरलेले सगळे ८० लावले. मी कॉल केला. त्याने राजा-राणी दाखवली. राजांची जोडी दोघांचीही, पण माझा एक्का वरचा, म्हणून पॉट माझा झाला.

तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "निकाल झाक आणि मोज."

मग आपण मोजायला बसलो. मला आणखी ६० भरायचे होते आणि भरल्यावर पॉट १९५ होणार होता. म्हणजे साधारण ३१ टक्के वेळा तरी जिंकलो, तरच तो कॉल परवडतो. आता मला हरवणारे मुख्य हात. एक राजा बोर्डवर, एक माझ्याकडे, म्हणून राजे उरले दोन. गुलाम उरले तीन. राजा-गुलाम ६ प्रकारे येऊ शकतो. अठ्ठ्यांची जोडी ३ प्रकारे, तिर्र्यांची ३, गुलामांची ३. एकूण १५. एकतीस टक्के गाठायचे तर त्याच्याकडे माझ्यापेक्षा कमजोर असे किमान ७ हात हवेत, आणि तेही रिव्हरला सगळे चिप्स लावणारे. तुम्ही विचारलंत, "हा माणूस रिव्हरला रेझ करताना तू याआधी कधी पाहिलास?" मी त्याच्याबरोबरचे सगळे जुने डाव उघडले. एकदाही नाही.

"मग त्या क्षणी तुला जे ठाऊक होतं, त्यावर हा फोल्ड (डाव सोडणं) होता. राजा-राणीने त्याने रेझ केलं याची नोंद ठेव, पुढच्या वेळी ती कामाला येईल. पण या कॉलला बरोबर म्हणू नकोस."

मी दोन दिवस नाराज होतो. तिसऱ्या दिवशी वही आणली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन रकाने पाडले: मला काय ठाऊक होतं, मी काय केलं, आता काय वाटतं. चिप्स किती आले-गेले याला रकानाच नाही. एक्क्यांची जोडी सुरुवातीलाच सगळे चिप्स लावून छोट्या जोडीसमोर उभी केली, तरी पाचात जवळपास एकदा हरते. हे मी कधीपासून वाचत होतो, पण पटलं ते या वहीमुळे. ज्या हरण्यात माझी चूक नाही, त्यावर रात्र घालवणं तेव्हापासून थांबलं.

बाकीचंही तुमचंच. आठवड्याला एकच विषय घ्यायचा. पहिले तीन आठवडे आपण फक्त पोझिशनवर (खेळण्याच्या क्रमातल्या जागेवर) काढले, कारण बटनवरून (शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) फायद्यात खेळता येणारे कितीतरी हात पहिल्या जागेवरून नुकसानीत जातात. स्मॉल ब्लाइंडमधून (जिथे बिग ब्लाइंडच्या अर्धी रक्कम आधीच सक्तीने भरलेली असते) कमजोर हाताने "अर्धे पैसे भरलेच आहेत" म्हणून कॉल करायची माझी सवय तुम्ही मोडलीत. छोट्या स्टेकवर प्रत्येक पॉटमधून कापली जाणारी रेक (साइटची फी) त्या मानाने जास्त असते आणि असले कॉल तीच गिळून टाकते, हे तुम्ही माझ्याच डावांवरून दाखवलंत. खेळण्यापेक्षा अभ्यास कंटाळवाणा असतो असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री शांतपणे एक डाव उलगडत बसण्यात जी मजा आहे, ती तो डाव खेळतानाही नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला मला जड जायचं. लागोपाठ हरल्यावर मी वरच्या स्टेकवर जाऊन भरपाई करायला निघालो होतो. तुम्ही रागावला नाहीत. "तीस बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) वेगळे ठेवलेले नसतील तर खाली उतर. आणि ते पैसे गेले तर घरात काही अडणार असेल, तर खेळूच नकोस," इतकंच म्हणालात. मी खाली उतरलो. त्या सल्ल्यासाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे.

एक डाव अजून सुटलेला नाही. स्मॉल ब्लाइंडमध्ये मला नव्व्यांची जोडी, बटनवरून रेझ, मी पुन्हा वाढवलं, त्याने त्यावर आणखी वाढवलं. मी फोल्ड केलं. तो बटनवरून बरेच हात उघडतो, पण इतकं पुढे जाताना मी त्याला दोनदाच पाहिलंय, आणि दोन्ही वेळा पत्ते दिसले नाहीत. तिसरा रकाना रिकामा ठेवला आहे. सवड झाली की बघाल का?

तुमचा,
वहीवाला विद्यार्थी