होरसचे डोळे खरे, सेट मात्र अर्धाच

संपादक महोदय,

‘गॉड्स ऑफ इजिप्त’ (२०१६) या चित्रपटाचा विषय निघाला की ‘मूळ पुराणकथेशी याचा काडीचाही संबंध नाही’ असा शेरा हमखास मारला जातो. इजिप्तच्या देवांसाठी गोरे कलाकार निवडल्याची टीका रास्तच होती. दिग्दर्शक ॲलेक्स प्रोयास आणि निर्मिती संस्थेने प्रदर्शनापूर्वीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याबद्दल माफीही मागितली. कथेबद्दलचा शेरा मात्र पटत नाही.

देवांच्या अंगातून वाहणारे सोनेरी रक्त पाहून अनेकांना हसू येते. पण इजिप्तचा राजा सेती पहिला याच्या थडग्यातल्या भिंतींवर वृद्ध सूर्यदेव रा याचे वर्णन आहे: हाडे चांदीची, मांस सोन्याचे, केस लाजवर्द या निळ्या रत्नाचे. चित्रपटात सेट हा देव गादीचा वारस असलेल्या पुतण्याचे, होरसचे, दोन्ही डोळे काढतो, तेही मनचे नाही. राजा रामेसेस पाचवा याच्या काळातला, इ.स.पू. ११५० च्या सुमाराचा पपायरस (प्राचीन इजिप्ती कागदावरचे हस्तलिखित) आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात सेट दोन्ही डोळे उपटून डोंगरावर पुरतो आणि त्यांची कमळे होतात. हाथोर देवी हरिणीचे दूध काढून आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यात घालते; होरस बरा होतो.

याच पपायरसमध्ये होरस आणि सेट यांच्यातला गादीचा खटला ८० वर्षे चालतो. दगडी नावांची शर्यत ठरते, तेव्हा होरस देवदाराची नाव बांधून तिला वरून जिप्समचा गिलावा देतो. सेटला ती दगडीच वाटते. तो डोंगराचा माथा कापून १३८ हात लांबीची खरीखुरी दगडी नाव करतो आणि ती अर्थातच बुडते. एवढा नाट्यमय प्रसंग चित्रपटाने वापरलाच नाही, याची हळहळ वाटते.

खरी चूक सेटच्या बाबतीत झाली आहे. भावाचा, म्हणजे होरसच्या वडिलांचा, खुनी असूनही तो रा देवाच्या नावेचा राखणदार आहे. नावेच्या पुढच्या टोकावर उभा राहून तो अपोफिस या महासर्पाला भाल्याने भोसकतो. ही ताकद त्याच्याकडेच आहे, म्हणून देवांना तो हवा असतो. चित्रपटात अपोफिसशी रा एकटाच झुंजतो आणि सेट त्याच नावेवर चढून रा देवावरच वार करतो! मग तो निव्वळ सत्तापिपासू खलनायक उरतो आणि शेवटी होरसने त्याला मारण्यावाचून कथेला दुसरी वाट राहत नाही. पपायरसमध्ये होरसला गादी मिळते, पण सेट मरत नाही. रा-होराख्ती (रा देवाचेच एक रूप) त्याला मुलासारखा जवळ ठेवून घेतो: त्याने आकाशात गरजावे आणि लोकांनी त्याला भ्यावे.

– इजिप्तच्या पुराणकथांचा एक अभ्यासक, पुणे