डॅशबोर्डवरच्या मेणबत्तीबद्दल तक्रार

दि. २६ मे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
सुगंधी मेणबत्ती उत्पादक कंपनी

विषय : बरणीतल्या मेणबत्त्या बंद गाडीत वितळून झालेले नुकसान आणि आपल्या खोक्यावरचे चित्र

महोदय / महोदया,

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आपल्याकडून मोगऱ्याच्या वासाच्या ४८ मेणबत्त्या ऑनलाइन मागवल्या. एकीची किंमत ३४९ रुपये, एकूण १६,७५२. मुलाच्या मुंजीला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या म्हणून खणाच्या पिशव्याही शिवून घेतल्या होत्या. माल वेळेवर आला, एकही बरणी फुटलेली नव्हती. त्याबद्दल तक्रार नाही.

३ मे रोजी म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर मुंज होती. सकाळी साडेनऊला गाडी लावली तेव्हा तिथे झाडाची सावली होती. मातृभोजन, मुहूर्त, भिक्षावळ या गडबडीत सावली कधी सरकली ते बघायला कोणाला वेळ होता? दीड वाजता पिशव्या काढायला नवऱ्याने डिकी उघडली आणि मला हाक मारली. त्या हाकेवरूनच काहीतरी बिघडलंय हे कळलं.

आडव्या पडलेल्या बरण्यांची झाकणे सुटून मेण तुपासारखे वाहिले होते. उभ्या होत्या त्यांतल्या वाती एका बाजूला कलंडून मेणात बुडालेल्या. खणाच्या पिशव्यांवर तेलकट डाग, डिकीतल्या गालिच्यावर थारोळे आणि स्टेपनीच्या खाचेपर्यंत गेलेले ओघळ. ४८ पैकी ३१ बरण्या वाया गेल्या. धड राहिलेल्या १७ पैकी १२ निघायच्या घाईत असलेल्या पाहुण्यांच्या हातात दिल्या. बाकीच्यांसाठी दिराने डेक्कनवरून बाकरवडीची पाकिटे आणली. लोकांना बाकरवडीच जास्त आवडली असावी, पण तो मुद्दा वेगळा.

मेण उन्हात वितळते हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी तक्रार करणारही नव्हते. घरी आल्यावर खोके नीट पाहिले आणि मग हे पत्र लिहायचे ठरवले. आपल्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापले आहे : ‘घर, ऑफिस आणि कारसाठी’. शेजारी चित्र आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर आपली बरणी, तिच्यात पेटलेली ज्योत आणि मागे काचेतून दिसणारा डोंगर.

खोक्याची मागची बाजू मी भिंग लावून वाचली. निव्वळ वजन आहे, एमआरपी आहे, उत्पादनाचा महिना आहे, पत्ता आहे. ‘१०० टक्के सोया मेण’ आहे, ‘व्हीगन’ आहे. (मेणबत्ती खायची नसल्यामुळे तो शब्द मी सोडून दिला.) ही कोठे ठेवावी, किती वेळ जाळावी, कशापासून लांब ठेवावी याबद्दल एक ओळ नाही.

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की सोया मेण नैसर्गिक असल्याने उष्णतेत वितळणे स्वाभाविक आहे, ग्राहकांनी ते थंड, कोरड्या जागी ठेवावे. शिवाय पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचे कूपन. थंड, कोरडी जागा म्हणजे डॅशबोर्ड, असे आपल्या चित्रकाराला कोणी सांगितले?

माझे सासरे हवामान खात्यातून निवृत्त झाले. १९२८ मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला ‘ऊन फार होतं’ एवढ्याने समाधान होत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, सीटखाली सावलीत आपला थर्मामीटर ठेवला आणि डॅशबोर्डवर माझा पाक मोजायचा. साडेअकराला बाहेर ३८ अंश होते. अर्ध्या तासात गाडीतली हवा ४९ वर गेली, तासाभरात ५६ वर, आणि डॅशबोर्डवरचा काटा ६८ दाखवत होता. काच ऊन आत घेते, पण तापलेली हवा बाहेर सोडत नाही. बरणीत ओतायचे सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळते. पॅराफिनचे काही प्रकार ६० च्या वर तग धरतात, मधमाशीचे मेण ६२-६४ पर्यंत. डॅशबोर्डवर यांतले कोणतेही टिकले नसते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत उभ्या गाडीत आपली मेणबत्ती घन राहणे शक्यच नाही, आणि हे मेण ओतणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

हे झाले न पेटवलेल्या मेणबत्तीचे. आपल्या चित्रात ती पेटलेली आहे. गाडीच्या आत सीटचा फोम, छताचे कापड, टिश्यूचा डबा, दाराच्या खणात सॅनिटायझर, कोणाचा तरी डिओचा कॅन. एक ब्रेक करकचून लागला की कढत मेण चालवणाऱ्याच्या मांडीवर. हे चित्र मंजूर करणाऱ्याने एकदा तरी सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला गाडी चालवून बघावी.

माझे मावससासरे सत्तरीचे आहेत. मुंजीत मिळालेली बरणी त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून बसवली, खोक्यावर तसेच दाखवले आहे म्हणून. पेटवायची त्यांनी संकष्टीसाठी राखून ठेवली होती, हे आमचे नशीब. ज्या १२ जणांना बरण्या दिल्या त्या सगळ्यांना मला फोन करून सांगावे लागले की भेट दिली खरी, पण गाडीत ठेवू नका, आणि पेटवू तर मुळीच नका. भेटवस्तूबद्दल असे फोन करताना काय वाटते ते आपण करून पाहा.

घरी ठेवलेल्या पाचांपैकी एकीची गोष्टही सांगते. यात थोडी चूक माझी आहे. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते. गेल्या गुरुवारी जेवणाच्या वेळेपर्यंत ती आलीच नाही, म्हणून ही मेणबत्ती टीपॉयवर लावली. वात बोटाच्या पेराएवढी लांब होती. ज्योत उंच गेली, बरणीच्या कडेला काजळी धरली आणि वातीच्या टोकावर काळी गाठ आली. वात साधारण पाव इंचावर कापूनच लावायची असते, हे मला नंतर कळले. तासा-दीड तासाने लाईट आली, वरचा पंखा फिरला, ज्योत एका बाजूला झुकली आणि काचेच्या त्याच बाजूला चाटत राहिली. दोन मिनिटांत ‘टक्क’ असा आवाज झाला. वरून खालपर्यंत तडा. मेण टीपॉयवर पसरले नाही, कारण सासूबाई कुठलीही मेणबत्ती स्टीलच्या ताटलीशिवाय ठेवू देत नाहीत. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन धावला, त्याला मी दारातच अडवले. पेटत्या मेणावर पाणी ओतले तर त्याची क्षणात वाफ होऊन मेण चहूकडे उडते. झाकण ठेवून ज्योत विझवली.

ती ताटली सासूबाईंची होती, आपली नव्हती. खोक्यावर हवे होते ते एवढेच : उष्णता सोसणाऱ्या ताटलीत ठेवा, पंख्याखाली आणि पडद्याजवळ नको, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको, तळाशी बोटभर मेण उरले की लावू नका, खोलीतून जाताना विझवा, मुलांच्या आणि मांजराच्या हाताला लागणार नाही अशी जागा बघा, आणि उभ्या गाडीत ठेवू नका. मराठी, हिंदी, इंग्रजीत छापून हे खोक्याच्या एका बाजूवर सहज मावेल. डोंगर काढला की जागाच जागा.

नुकसानीचा हिशोब असा : ३१ बरण्यांचे १०,८१९ रुपये, तितक्याच खणाच्या पिशव्या प्रत्येकी ४५ प्रमाणे १,३९५, आणि डिकी साफ करायला गॅरेजने घेतलेले २,२००. एकूण १४,४१४. त्याआधी घरी बर्फाने मेण गोठवून जुन्या एटीएम कार्डाने खरवडले, ब्राऊन पेपर ठेवून इस्त्री फिरवली, पण गालिच्यात मुरलेले निघाले नाही. वासाचे पैसे मी लावलेले नाहीत. तीन आठवडे झाले तरी गाडीत बसले की कोणीतरी फोटोला हार घातल्यासारखे वाटते, असे सासरे म्हणतात, आणि हल्ली ते पीएमपीच्या बसने जातात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नसेल, तर त्यातून झालेल्या हानीला उत्पादक जबाबदार धरला जातो. इथे तर इशारा नाहीच, उलट चुकीच्या वापराचे रंगीत आमंत्रण आहे. १५ दिवसांत १४,४१४ रुपये परत मिळावेत आणि ‘कार’ हा शब्द व ते चित्र खोक्यावरून आणि वेबसाइटवरून काढल्याचे लेखी कळावे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, हे मी विचारून घेतले आहे.

आपली,
एक ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : बिल, गॅरेजची पावती, डिकीचे चार फोटो, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो.

ता. क. : नुकसानीच्या बदल्यात नव्या मेणबत्त्या पाठवू नयेत. कुरिअरचा टेम्पोही उन्हातच उभा असतो.